रोजच्या संगणकाला किती वेग पुरतो?

सोलापूरसारख्या शहरात वैयक्तिक संगणक रोज ज्या कामांना जुंपलेला असतो, त्यांची यादी फार लांबलचक नाही. करसल्लागाराच्या कार्यालयात टॅलीतल्या नोंदी आणि जीएसटीची विवरणपत्रे, आपले सरकार सेवा केंद्रात दाखले आणि सातबारा, एमएस-सीआयटीच्या वर्गात टंकलेखन आणि हिशेबाचे तक्ते, अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल आणि चादरींच्या नक्ष्या, आणि घरोघरी ब्राउझर, चित्रफिती व मुलांचा अभ्यास, एवढ्यात ती बहुतेक संपते. या कामांसाठी आज दुकानात मिळणाऱ्या साध्या संगणकापेक्षा जास्त गणनक्षमता, म्हणजे ठरावीक वेळात अधिक आकडेमोड उरकण्याची ताकद, लागते का, हा प्रश्न प्रत्येक खरेदीच्या वेळी उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुधा नव्या पिढीच्या प्रोसेसरच्या बाजूने दिले जाते. हे उत्तर पंचवीस वर्षांपूर्वी बरोबर होते. आज ते बहुतेक ठिकाणी चुकीचे आहे, आणि जिथे ते बरोबर आहे ती ठिकाणे वेगळीच आहेत.

पूर्वी ते बरोबर का होते, हे आधी पाहावे लागते. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने बाजारात आणलेल्या पहिल्या पीसीत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. त्यात सुमारे २९ हजार ट्रान्झिस्टर होते आणि त्याची घड्याळगती, म्हणजे सेकंदाला पडणाऱ्या ठोक्यांची संख्या, ४.७७ मेगाहर्ट्झ होती. २००४ साली पेंटियम ४ ही गती ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत घेऊन गेला, म्हणजे तेवीस वर्षांत ती जवळपास आठशे पट झाली. चिपवरील ट्रान्झिस्टरांची संख्या साधारण दर दोन वर्षांनी दुप्पट होते, हा गॉर्डन मूर यांचा १९६५ सालचा आणि १९७५ मध्ये त्यांनीच सुधारलेला आडाखा सर्वपरिचित आहे. परंतु वेग वाढण्यामागचे खरे इंगित रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले होते. ट्रान्झिस्टर लहान करत नेला की त्याला लागणारा विद्युतदाबही त्याच प्रमाणात कमी करता येतो आणि त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर जास्त वेगाने चालवूनही उष्णता वाढत नाही, असे ते प्रमेय होते. २००५ च्या आसपास हे गणित तुटले, कारण अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली आणि दाब आणखी उतरवणे अशक्य झाले. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत इंटेलने २००४ च्या ऑक्टोबरमध्येच सोडून दिला होता. त्या वळणापर्यंत नवा संगणक घेणाऱ्याचे जुने सॉफ्टवेअरही आपोआप पळू लागत असे. त्यानंतर ही मिळकत फार मंदावली.

उत्पादकांनी त्यानंतर एकाच चिपवर दोन, चार, आठ गाभे बसवायला सुरुवात केली. गाभा म्हणजे स्वतंत्रपणे काम करू शकणारा एक पूर्ण प्रोसेसरच. गाभ्यांची संख्या दुप्पट झाली म्हणून काम निम्म्या वेळात होत नाही, हे मात्र जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिले होते. एखाद्या कामाचा चाळीस टक्के भाग एकामागून एक याच क्रमाने करावा लागत असेल, तर उरलेल्या साठ टक्क्यांवर कितीही गाभे लावले तरी ते काम एकूण अडीच पटींहून जलद होऊ शकत नाही. खातेवहीतील पुढची शिल्लक मागच्या नोंदीवर अवलंबून असते, ब्राउझरमधील पानाचा पुढचा भाग आधीचा भाग वाचल्यावरच उभा राहतो, आणि माणूस तर एका वेळी एकच अक्षर टंकतो. रोजची कामे बव्हंशी याच जातीची आहेत.

या कामांचा वेळ जातो कुठे, हे एका जुन्या लॅपटॉपच्या उदाहरणाने नीट कळते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये तबकडीची एक फेरी अकरा मिलिसेकंदांत पुरी होते. हवी ती माहिती वाचक सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते आणि सुईला योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-दहा मिलिसेकंद लागतात. म्हणजे डिस्कवर विखुरलेली एक छोटी फाइल गाठायला सुमारे पंधरा मिलिसेकंद जातात, आणि तेवढ्या अवधीत तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेचार कोटी ठोके नुसता वाट पाहत घालवतो. विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान फाइली वाचल्या जातात. फिरता भाग नसलेल्या एसएसडीला हेच काम दर फाइलमागे एक मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून लवकर जमते. दहा वर्षांपूर्वीच्या संगणकात तबकडी काढून एसएसडी बसवल्यावर मालकाला तो नवा वाटू लागतो याचे कारण एवढेच, की त्यातला प्रोसेसर कधीच संथ नव्हता. रॅमची गोष्टही अशीच आहे. चार जीबी रॅमच्या संगणकावर ब्राउझरची दहा पाने आणि टॅली एकदम उघडी ठेवली, की मावेनाशी झालेली माहिती डिस्कवर ढकलली जाते आणि पुन्हा हवी झाली की तिथून परत ओढावी लागते. अशा वेळी प्रोसेसर बदलून काहीही साधत नाही.

सेवा केंद्रात तर हा प्रश्न संगणकाच्या पेटीच्या बाहेरच जातो. खरीप पीकविम्याची मुदत संपत आली, शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले काढायची घाई सुरू झाली, किंवा विवरणपत्राची अखेरची तारीख उजाडली, की मोहोळपासून मंगळवेढ्यापर्यंत एकच वाक्य ऐकू येते: सर्व्हर डाउन आहे. त्या क्षणी केंद्रचालकाचा संगणक जवळजवळ रिकामा असतो. त्याने अर्ज भरून पाठवलेला असतो, आणि दूरच्या सर्व्हरवर एकाच वेळी आदळलेल्या लाखो विनंत्यांत त्याची पाळी यायची असते. रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा दिवस त्यात जातो, आणि हा वाया गेलेला दिवस कोणत्याही नव्या प्रोसेसरच्या जाहिरातीने भरून निघणारा नाही. हिशेबाच्या बाजूनेही चित्र असेच दिसते. एखाद्या व्यापाऱ्याच्या वर्षभरात पन्नास हजार नोंदी झाल्या आणि प्रत्येक नोंद एक किलोबाइटची धरली, तरी सगळी वही पन्नास मेगाबाइटच्या आत बसते, आणि तिची बेरीज पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही पापणी लवायच्या आत करतो.

सोलापूरच्या विणकामाने या प्रश्नाला एक नेमके मोजमाप पुरवले आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीतली आणि टेरी टॉवेलमधली नक्षी जॅकार्डवर उठते. प्रत्येक ताण्याचा धागा किंवा धाग्यांचा गट एका हुकाला बांधलेला असतो, आणि आडवा धागा टाकण्यापूर्वी कोणते हूक वर उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे, हे यंत्राला सांगावे लागते. जोसेफ मारी जॅकार्डने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये हा निरोप भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेतून द्यायची युक्ती रूढ केली, आणि चार्ल्स बॅबेजने आपल्या विश्लेषक यंत्राच्या आराखड्यात हेच पुठ्ठे योजले होते. शहराच्या पूर्व भागातल्या मागांवर आलेखाच्या कागदावर चौकट रंगवून, त्यावरून पुठ्ठे पाडून काम चालत आले; इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आल्यावर पुठ्ठ्यांची जागा संगणकात तयार केलेल्या फाइलने घेतली. आता २६८८ हुकांच्या यंत्रावर तीन हजार आडव्या धाग्यांची एक नक्षी धरली, तर एकूण ८० लाख ६४ हजार निर्णय होतात. प्रत्येक निर्णय उचल किंवा ठेव एवढाच, म्हणजे एका बिटाचा असल्यामुळे पूर्ण नक्षी साधारण एका मेगाबाइटमध्ये मावते. मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो याच्या कित्येक पट मोठा असतो. नक्षी रंगवणे, वीण भरणे, तपासणे आणि यंत्राकडे पाठवणे ही सगळी साखळी कोणत्याही चालू संगणकाला पेलते, आणि तिथे अडते ते नक्षीकाराच्या नजरेपाशी, धाग्याच्या भावापाशी आणि मागणीपाशी. कापड विणण्याआधीच ते पडद्यावर प्रकाशासह, घडीसह आणि पोतासह ग्राहकाला दाखवायचे असेल, तर मात्र चित्र बदलते. टेरीच्या लाखो फासांवर पडणाऱ्या प्रकाशाचे गणित मोठे असते आणि त्यासाठी वेगळ्या ग्राफिक्स प्रोसेसरची मदत सार्थ ठरते. निर्यातीच्या ऑर्डरी घेणाऱ्या कारखान्याला हा खर्च परवडतो, आणि तो त्याने करावाही.

आहे ती ताकद पुरे, असे म्हणणाऱ्यांच्या विरुद्ध सर्वांत भक्कम पुरावा मराठीच्याच इतिहासात आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही. डॉसच्या काळातील पडद्यावर ऐंशी रकाने आणि पंचवीस ओळी अशी चौकट असे, आणि प्रत्येक घरात २५६ ठरीव आकृत्यांपैकी एकच बसवता येई. इंग्रजीला हे पुरत होते. देवनागरीत मात्र ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि जोडाक्षरांचे आकार शेकड्यांनी होतात, त्यामुळे तिची रचना त्या चौकटीत मावत नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने, म्हणजे १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने वाढवलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाने यावर जे उत्तर काढले, त्यात पीसीमध्ये एक वेगळे कार्डच खोचावे लागे, आणि मग डॉसवरच्या प्रणाली मराठीत दिसू लागत. पुढे विंडोज २००० च्या काळात युनिकोड आणि अक्षरजुळणीची व्यवस्था कार्यप्रणालीतच आली, नेहमीचा प्रोसेसर ते काम सहज करू लागला आणि कार्डाची गरज संपली. १९८५ मध्ये कोणी रोजच्या कामाला आहे तेवढी ताकद पुरे असा निवाडा दिला असता, तर तो इंग्रजी जाणणाऱ्यांपुरताच खरा ठरला असता. त्याच सी-डॅकने १९९१ मध्ये बांधलेल्या परम ८००० या भारताच्या पहिल्या महासंगणकाचा सैद्धांतिक कमाल वेग एका गिगाफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी दशांशी गणितक्रियांच्या घरात होता. आज नवी पेठेतल्या दुकानातला सर्वांत स्वस्त लॅपटॉप त्याच्या अनेक पट पुढे आहे, आणि ही ताकद चित्रफिती, व्हिडिओ कॉल आणि प्रत्येक संकेतस्थळावरच्या सांकेतिकरणात खर्चही होते. यांतला कोणताही उपयोग आगाऊ सांगता आला नव्हता, हा या बाजूचा मुद्दा मान्य करणे भाग आहे.

मात्र वाढलेल्या ताकदीतला मोठा हिस्सा उपयोगाकडे न जाता सॉफ्टवेअरच्या स्थूलपणात जिरला आहे. हार्डवेअर जितक्या झपाट्याने वेगवान होते त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर संथ होते, अशी तक्रार पास्कल या भाषेचे जनक निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्ये केली. त्याच वर्षीच्या विंडोज ९५ ची किमान मागणी चार मेगाबाइट रॅमची होती, २००१ च्या एक्सपीची ६४ मेगाबाइटची, २००९ च्या विंडोज ७ ची एक गिगाबाइटची, आणि २०२१ च्या विंडोज ११ ची चार गिगाबाइटची आहे; सव्वीस वर्षांत मागणी हजार पट झाली, पण पत्र लिहिणाऱ्याचे पत्र तेवढेच राहिले. काही भार टाळता न येणाराही असतो. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोषांमुळे प्रोसेसर पुढच्या आज्ञा अंदाजाने आधीच करून ठेवण्याची जी चलाखी करत होते, तिच्यावर बंधने घालावी लागली आणि जुन्या संगणकांचा वेग त्यात काही प्रमाणात घटला. सुरक्षिततेची ती किंमत रास्त होती. एक साधा अर्ज दाखवण्यासाठी अवजड पाने बांधणाऱ्या संकेतस्थळांबद्दल तसे म्हणता येत नाही, कारण त्यांच्या आळसाचा खर्च शेवटी गावातल्या केंद्रचालकाच्या माथी पडतो.

संगणक कधी जुना झाला, हे आता प्रोसेसर ठरवत नाही. ते आधाराची मुदत ठरवते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाचिप लागते व साधारण २०१७ च्या अखेरीस आलेल्या आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर अधिकृतपणे मान्य आहेत. २०१६ साली घेतलेला चार गाभ्यांचा, उत्तम चालणारा संगणक त्यामुळे कामाला पुरून उरत असतानाही बाद ठरतो. अशा यंत्रांना लिनक्सवर नेण्याचा मार्ग उघडा आहे, आणि केरळमधील शाळांनी मोठ्या प्रमाणावर मुक्त सॉफ्टवेअर वापरून तो चालून दाखवला आहे. सोलापुरातल्या कार्यालयांना तो तितका सोपा नाही. टॅली, बोटांचे ठसे घेणारी यंत्रे, डिजिटल सहीची टोकने आणि जॅकार्डची सॉफ्टवेअरे बहुतांशी विंडोजलाच धरून आहेत. घरी आणि शाळेत मात्र ही अडचण फारशी नाही, आणि तिथे चालते यंत्र भंगारात काढण्यापेक्षा एसएसडी व लिनक्स बसवणे हे अधिक शहाणपणाचे आहे, असे निःसंकोच म्हणता येते.

सोलापूरच्या हवामानाचा विचार खरेदीच्या चर्चेत क्वचितच होतो, तो व्हायला हवा. प्रोसेसरचे तापमान साधारण शंभर अंशांपाशी पोचले की तो स्वतःहून आपली गती उतरवतो. उष्णता बाहेर टाकण्याचे प्रमाण चिप आणि भोवतालची हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. पंचवीस अंशांच्या खोलीत हा फरक पंचाहत्तर अंशांचा मिळतो, तर मे महिन्यात त्रेचाळीस अंशांवर पोचलेल्या खोलीत सत्तावन्नाचाच. म्हणजे तोच लॅपटॉप, तोच पंखा, पण सतत पेलवणारी शक्ती सुमारे चोवीस टक्क्यांनी कमी. कारखान्यात भर पडते ती टॉवेलच्या तुसाची, जे पंख्याच्या पात्यांत आणि जाळीत साचत जाते. जास्त वॅट खाणारा महागडा प्रोसेसर अशा खोलीत आपला छापील वेग टिकवू शकत नाही, आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरही लवकर उतरवतो. मध्यम ताकदीचा, कमी विजेवर चालणारा प्रोसेसर आणि वर्षातून दोनदा साफसफाई, याने अशा जागी अधिक काम होते.

कमी ताकदीतून किती मोठे काम होऊ शकते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात घडले. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून त्यांतून ध्वनी, चित्रफिती आणि स्वाध्याय मुलांपर्यंत पोचवले, त्या कल्पनेचा पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत अवलंब झाला, आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. क्यूआर कोडमध्ये फार तर तीन किलोबाइट माहिती मावते आणि तो वाचायला घरातला साधा स्मार्टफोन पुरतो. तिथे लागली ती मुलांना काय हवे याची जाण आणि तयार केलेले पाठ.

आता नवी मागणी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने आली आहे. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोपायलट प्लस नावाच्या संगणकांसाठी सेकंदाला चाळीस लाख कोटी क्रिया करणारा वेगळा न्यूरल प्रोसेसर आणि किमान सोळा गिगाबाइट रॅम अशी अट घातली. सेवा केंद्र किंवा दुकानदार जी उत्तरे मिळवतो ती बहुधा दूरच्या सर्व्हरवर तयार होतात, त्यामुळे त्याच्यासाठी ही अट आज निरर्थक आहे. भाषेचे प्रारूप स्वतःच्याच संगणकावर चालवायचे झाले तर मात्र गणित मांडून पाहावे लागते. आठशे कोटी प्राचलांचे, म्हणजे शिकताना ठरलेल्या तेवढ्या आकड्यांचे प्रारूप प्रत्येक आकडा चार बिटांत दाबून ठेवले तर चार गिगाबाइटचे होते, आणि शब्दाचा प्रत्येक पुढचा तुकडा काढताना हे सगळे आकडे रॅममधून एकदा वाचावे लागतात. डीडीआर४ जातीच्या रॅमची एकच पट्टी सेकंदाला सुमारे पंचवीस गिगाबाइट पुरवते, म्हणजे सेकंदाला सहाच तुकडे. आणि देवनागरी शब्दाचे बरेचदा इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडत असल्यामुळे मराठी उत्तर आणखी रेंगाळते. दुसरी पट्टी लावली की हा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे इथेही अडसर आकडेमोडीचा नसून आकडे पोचवण्याचा आहे, आणि एकच पट्टी लावून विकलेल्या लॅपटॉपला थोड्या पैशांत जे मिळते, ते महाग प्रोसेसर देऊ शकत नाही.

खरी गणनक्षमता जिथे मागितली जाते ते काम म्हणजे बोललेले मराठी ऐकून लिहिणे. ओपनएआयने २०२२ मध्ये खुल्या केलेल्या व्हिस्पर या प्रारूपाच्या ३.९ कोटी प्राचलांपासून १५५ कोटी प्राचलांपर्यंत आवृत्त्या आहेत. सर्वांत लहान आवृत्ती जुन्या लॅपटॉपवरही पळते, पण तिचे मराठी कामाचे नसते, आणि मोठी आवृत्ती साध्या प्रोसेसरला घाम फोडते. डॉक्टरांच्या नोंदी किंवा वकिलाकडचे जबाब बाहेरच्या सर्व्हरवर पाठवू नयेत असे वाटत असेल, किंवा करमाळ्याच्या एखाद्या गावात जाळे टिकत नसेल, तर हे काम जागच्या जागी करणारी ताकद ही चैन नाही आणि तिच्यासाठी केलेला खर्च योग्य आहे. भारत सरकारचा भाषिणी हा उपक्रम आणि आयआयटी मद्रासमधील एआय४भारत हा गट भारतीय भाषांसाठी अशी प्रारूपे तयार करत आहेत. परंतु सोलापुरात एकाच वाक्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड येते, उर्दूही मिसळते. पूर्व भागातल्या विणकराची किंवा अक्कलकोटच्या शेतकऱ्याची बोली प्रमाण मराठीच्या ध्वनिमुद्रणांवर शिकलेल्या प्रारूपाला अनोळखी असते, आणि ते कितीही वेगाने चालवले तरी न शिकलेला शब्द त्याला ऐकू येत नाही. तिथे आधी लागतात ती या बोलींची, बोलणाऱ्यांच्या संमतीने केलेली ध्वनिमुद्रणे आणि ती नीट लिहून काढणारी माणसे. हे काम विद्यापीठातला भाषा विभाग आणि संगणक विभाग मिळून आज आहेत त्याच यंत्रांवर सुरू करू शकतात.